तंबूची खरी मेख

मराठीत ‘मेख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, जमिनीत ठोकायची खुंटी. आणि दुसरा, एखाद्या गोष्टीत दडलेली नेमकी अडचण. तंबूच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. हजारो रुपये मोजून तंबू घेताना कापड, शिवण, पाणी अडवण्याची क्षमता आणि वजन या सगळ्यांची बारकाईने चौकशी होते. त्याच्याबरोबर लहानशा पिशवीत येणाऱ्या दहा-बारा मेखांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वाऱ्यापावसाच्या रात्री तंबू जागेवर राहणार की कापडाचा गोळा होऊन दरीकडे जाणार, हे बहुतेक वेळा या मेखांवरच ठरते.

राजमाची, भंडारदरा, पवना धरणाचा काठ किंवा कोकणातील एखादा निवांत किनारा, अशा ठिकाणी स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्यातून हलक्या सामानाची आवडही वाढली. पाठीवरचे ओझे जितके कमी तितकी चाल सुखाची, हे खरेच. पण मेखांच्या बाबतीत ‘सर्वांत हलकी ती सर्वांत चांगली’ हा हिशेब फसवा ठरतो. मेख हलकी का आहे, हे समजून घेतल्याशिवाय ती निवडणे धोक्याचे आहे.

<b>वजन नेमके किती वाचते?</b>

दोन माणसांच्या साध्या घुमटाकृती तंबूला साधारण दहा मेखा लागतात. तळाच्या कोपऱ्यांना चार, पुढच्या-मागच्या पडवीला दोन आणि वाऱ्यासाठी बाहेर ताणायच्या दोऱ्यांना, म्हणजे तणाव्यांना, चार. अनेक स्वस्त तंबूंबरोबर वाकवलेल्या पोलादी सळईच्या मेखा येतात. चार मिलिमीटर जाडीची आणि एक वीतभर लांबीची अशी मेख सुमारे २२ ग्रॅम भरते. दहा मेखांचे वजन झाले २२० ग्रॅम. मिश्र ॲल्युमिनियमच्या त्रिधारी मेखा साधारण १४ ग्रॅमच्या असतात. त्या दहा घेतल्या तर १४० ग्रॅम. टायटॅनियमच्या बारीक तारेची मेख सहा ग्रॅमच्या आसपास असते. अशा दहा मेखांचे ओझे अवघे ६० ग्रॅम.

म्हणजे पोलादाकडून ॲल्युमिनियमकडे गेल्यास ८० ग्रॅम वाचतात आणि तिथून टायटॅनियमकडे गेल्यास आणखी ८०. एका लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे लक्षात घेतले तर ही बचत किती छोटी आहे ते कळते. पहिले ८० ग्रॅम जवळजवळ काहीही न गमावता वाचतात, कारण चांगली ॲल्युमिनियमची मेख पोलादी सळईपेक्षा मातीत अधिक घट्ट बसते. दुसऱ्या ८० ग्रॅमसाठी मात्र काही मोल द्यावे लागते. ते फक्त पैशांचे नसते, पकडीचेही असते.

<b>वाऱ्याचे गणित</b>

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा दोन चौरस मीटरच्या सपाट पृष्ठभागावर साधारण साडेआठ किलो वजनाइतका जोर लावतो. तोच वारा ताशी ६० किलोमीटरवर गेला की हा जोर ३४ किलोंच्या घरात पोहोचतो. तंबूच्या आकारानुसार यात कमी-अधिक होते, पण प्रमाण तेच राहते. शिवाय वारा एका संथ लयीत वाहत नाही. तो झोताझोताने येतो, आणि प्रत्येक झोताबरोबर मेखेला हिसका बसतो. अशा शेकडो हिसक्यांनी मेखेभोवतीची माती हळूहळू सैल होत जाते. संध्याकाळी घट्ट वाटलेली मेख पहाटे बोटांनी उपटता येते, ती यामुळेच.

मेखेची पकड तीन गोष्टींवर अवलंबून असते. ती किती खोल गेली आहे, ओढीच्या दिशेने तिची किती रुंदी मातीला भिडते आहे आणि त्या मातीत स्वतःचा किती कस आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खरेदीच्या वेळी ठरतात. तिसरी जागेवर गेल्यावरच कळते. घुमटाकृती तंबू आपल्या कमानींवर उभा राहतो, म्हणून त्याला मेखांची गरज नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. आत कोणी नसताना असा तंबू वाऱ्यात पतंगासारखा उडतो. चालण्याच्या काठ्यांवर उभारल्या जाणाऱ्या अतिहलक्या तंबूंची गोष्ट तर याहून नाजूक असते. तिथे एक महत्त्वाची मेख निघाली की सगळा डोलाराच खाली बसतो.

<b>धातूंची ओळख</b>

पोलाद मजबूत आणि स्वस्त असते; पण एक घनसेंटिमीटर पोलादाचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते आणि मुलामा उडाल्यावर ते गंजते. ॲल्युमिनियम तेवढ्याच आकारमानात पावणेतीन ग्रॅम भरते. साधे ॲल्युमिनियम मऊ असते, म्हणून मेखांसाठी त्याचे मिश्रधातू वापरतात. त्यातला ‘७०७५’ या क्रमांकाचा, जस्त हा प्रमुख घटक असलेला मिश्रधातू विशेष मजबूत मानला जातो. विमानांच्या सांगाड्यातही तो वापरतात. खरेदीच्या वेळी वेष्टनावर हा क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे. कोणताही क्रमांक नसलेल्या, चकचकीत रंगाच्या स्वस्त मेखा पहिल्याच दगडावर वाकण्याची शक्यता बरीच असते.

टायटॅनियम घनसेंटिमीटरला साडेचार ग्रॅम भरते. म्हणजे तेवढ्याच आकारमानात ते ॲल्युमिनियमपेक्षा जड आहे! तरीही टायटॅनियमच्या मेखा हलक्या असतात, याचे कारण त्या बारीक घडवता येतात. धातू चिवट असल्याने तीन मिलिमीटरची तारही पुरेशी टिकाऊ ठरते. खरी मेख इथेच आहे. हलकेपणा येतो तो बारीकपणातून, आणि बारीक मेख मऊ मातीतून सुरीसारखी आरपार सरकते. दगडगोट्यांच्या फटीतून वाट काढणे हा तिचा गुण, तर ओल्या मातीत पकड न राहणे हा दोष. तिच्यावर दगडाने जोरात घाव घातला तर ती वाकतेही.

कार्बन तंतूंच्या मेखा पाच-सहा ग्रॅमपर्यंत हलक्या मिळतात. मऊ, स्वच्छ मातीत त्या उत्तम. पण आडवा घाव बसला की त्या वाकत नाहीत, थेट तडकतात आणि त्यांच्या कुसळांसारख्या चिरफळ्या हातात शिरतात. प्लास्टिकच्या रुंद मेखा हिरवळीवर चालतात. मात्र उन्हाने आणि थंडीने त्या ठिसूळ होतात आणि कठीण जमिनीत त्यांचे टोक पहिल्याच प्रयत्नात तुटते.

<b>आकाराचे महत्त्व</b>

धातूइतकाच आकारही महत्त्वाचा. वाकवलेल्या टोकाची गोल सळई कठीण जमिनीत सहज शिरते. पण तिच्याभोवती दोरी फिरली की तीही फिरते आणि सैल होते. तीन धारांची मेख, म्हणजे वरून पाहिल्यास मध्यबिंदूपासून तीन पाती फुटलेली दिसते ती, मातीत फिरत नाही आणि तिची मोठी बाजू ओढीला अडवते. सर्वसाधारण वापरासाठी हाच आकार सर्वांत भरवशाचा आहे. पन्हळीसारखी दुमडलेली मेख एकात एक बसते, त्यामुळे पिशवीत कमी जागा घेते. मात्र पत्रा पातळ असेल तर ठोकताना तिचे डोके चेपते. खिळ्यासारखी जाड, गोल आणि टोकदार मेख मुरमाड जमिनीसाठी चांगली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सहा इंची खिळाही हेच काम करतो. तो तीस ग्रॅमच्या पुढे भरतो, पण कडक जमिनीत असे दोन-तीन खिळे जवळ असणे फायद्याचे ठरते. मंडपवाल्यांच्या जाडजूड लोखंडी मेखा याच न्यायाने चालतात. त्या वाहायला ट्रक असतो, एवढाच फरक.

लांबीच्या बाबतीत १५ सेंटिमीटर ही कठीण जमिनीसाठीची किमान मर्यादा समजावी. सर्वसाधारण मातीसाठी १८ ते २० सेंटिमीटर, आणि वाळू किंवा भुसभुशीत जमिनीसाठी २४ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लांबी हवी. आखूड मेखेने वाचलेले चार ग्रॅम पावसाळी चिखलात फार महाग पडू शकतात.

<b>जमीन बघून मेख</b>

सह्याद्रीचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळाचा आहे. गडमाथ्यांवर आणि पठारांवर या कातळावरचा मातीचा थर अनेकदा वीतभरही नसतो. तिथे २० सेंटिमीटरची मेख निम्मी आत जाते आणि अडते. अर्धवट ठोकलेली मेख जमिनीच्या वर आलेल्या भागावर ओढ घेते, त्यामुळे ती तरफेसारखी उलटते. म्हणून तंबू उघडण्यापूर्वी ठरवलेल्या जागेवर दोन-तीन ठिकाणी एक मेख ठोकून पाहावी. ती पूर्ण आत गेली, तरच तिथे तंबू पसरावा.

मुरमाड उतारावर बारीक टायटॅनियमची किंवा खिळ्यासारखी मेख उपयोगी पडते. एका जागी दगड लागला तर जोर न करता चार बोटे बाजूला सरकून पुन्हा प्रयत्न करावा. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल होतो आणि तिचा कस उतरतो. तिथे लांब, त्रिधारी मेखाच हव्यात. काळी माती आणखी लहरी असते. ओली असताना ती लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत ठोकलेली मेख पटकन आत जाते आणि तितक्याच पटकन बाहेर येते. भात कापून झाल्यावरच्या खाचरांत जागा सपाट मिळते, पण माती वाळून कडक झालेली असते. तिथे मुक्काम करायचा तर मेखेआधी शेतकऱ्याची परवानगी हवी.

समुद्रकिनाऱ्यावरची कोरडी वाळू तर मेखेला जवळजवळ दादच देत नाही. रुंद आणि लांब, भोके पाडलेल्या पन्हळी मेखा वाळूसाठी आणि बर्फासाठी मिळतात. पण त्या उभ्या ठोकण्यापेक्षा आडव्या पुरल्या तर अधिक टिकतात. मेखेच्या मध्यभागी तणावा बांधावा, फूटभर खोल चरात ती ओढीच्या दिशेला काटकोनात आडवी ठेवावी आणि वर वाळू दाबून भरावी. मेख नसेल तर वाळूने भरलेली कापडी पिशवीही याच रीतीने पुरता येते. तंबू भरतीच्या रेषेपासून पुरेसा वर असावा, हे ओघाने आलेच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. विणीच्या काळात अशा वाळूत खणणे आणि मेखा ठोकणे पूर्णपणे टाळायला हवे.

हिमालयातील बर्फात हीच आडव्या मेखेची रीत वापरतात. पुरलेल्या मेखेवर बर्फ पायाने दाबून पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू दिला की तो गोठून घट्ट होतो. त्यानंतरच तणावा ओढावा. सकाळी ती मेख काढण्यासाठी बर्फ फोडावा लागतो, त्यामुळे निघायला थोडा वेळ हाताशी ठेवावा. लडाखमधील नदीपात्रांच्या गोटेरी जमिनीत मात्र मेखेपेक्षा दगडच जास्त उपयोगी पडतात.

<b>बिनवजनाची मेख</b>

दगड ही सह्याद्रीतली सर्वांत हलकी मेख म्हणायला हवी, कारण ती पाठीवर वाहावीच लागत नाही. पण दगडाला नुसती दोरी गुंडाळली की कडेवर घासून ती तुटते, किंवा वाऱ्याच्या हिसक्यांनी दगडच सरकतो. त्यापेक्षा चांगली रीत अशी : तणाव्याच्या टोकाला मोठा फास करून त्यात मूठभर आकाराचा दगड किंवा आडवी मेख अडकवावी आणि तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर एक जड दगड ठेवावा. ओढ बसली की लहान दगड मोठ्या दगडाला मागून अडतो आणि पकड अधिकच घट्ट होते. यासाठी प्रत्येक तणाव्याला दीड-दोन मीटर जादा दोरी हवी. काही ग्रॅमची ही दोरी जवळ असेल, तर कातळावरही तंबू उभा राहतो.

हे दगड जमिनीवर सुटे पडलेले असावेत. गडाच्या तटबंदीचे, जोत्याचे किंवा टाक्याच्या काठाचे दगड काढणे हा वारशाचा नाश आहे. शिवनेरी, राजगड, रायगडसह बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोने २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत केला. अनेक गड संरक्षित स्मारके आहेत. तिथे मुक्कामाला परवानगी आहे का, हे आधी विचारावे. आणि बांधकामाच्या सांध्यांत मेख कधीही ठोकू नये. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्यासारख्या जांभ्याच्या सड्यांवर मातीचा पापुद्रा फार पातळ असतो आणि दुर्मीळ रानफुले त्यावरच जगतात. अशा जागी मेखही नको आणि तंबूही नको. उत्तराखंडात तर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. तिकडे जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या मान्य जागा आधीच माहीत करून घ्याव्यात.

<b>ठोकण्याची रीत</b>

चांगली मेखही चुकीच्या रीतीने ठोकली तर निकामी ठरते. मेखेचे डोके तंबूपासून दूर झुकलेले आणि टोक तंबूच्या बाजूला वळलेले असावे, म्हणजे मेख आणि तणावा यांच्यात साधारण काटकोन होतो. रुंद बाजू ओढीला आडवी यावी. मेख डोक्यापर्यंत आत जावी आणि दोरी जमिनीलगत राहावी. पायाने दाबताना सपाट तळव्याचा बूट हवा. चपलेने किंवा अनवाणी पायाने हा प्रयत्न करू नये. दगडाने ठोकायचे असेल तर सरळ आणि हलके घाव घालावेत.

पहिली मेख वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात ठोकावी. उलट बाजूने सुरुवात केल्यास उरलेले कापड शिडासारखे फुगते. नायलॉनचे कापड आणि दोऱ्या ओल्या झाल्या की सैलावतात, म्हणून झोपण्यापूर्वी सगळे तणावे एकदा पुन्हा ताणून घ्यावेत. फार जोराचा वारा अपेक्षित असेल तर वाऱ्याकडच्या तणाव्याला एकामागे एक अशा दोन मेखा जोडाव्यात.

<b>खरेदी करताना</b>

सगळ्या मेखा एकाच प्रकारच्या घेण्याची गरज नाही. किंबहुना मिश्र संच हाच सर्वांत शहाणपणाचा. दहा मेखांपैकी ज्या सहांवर खरी ओढ येते, म्हणजे चार तणावे आणि दोन पडव्या, त्या १८ ते २० सेंटिमीटरच्या त्रिधारी ॲल्युमिनियमच्या असाव्यात. तळाच्या कोपऱ्यांना कमी ताण असतो. तिथे चार बारीक टायटॅनियमच्या मेखा चालतात आणि जमीन कठीण निघाली तर त्याच अदलाबदलीने इतरत्रही वापरता येतात. अशा संचाचे वजन ११० ग्रॅमच्या आतबाहेर भरते. पोलादी संचाच्या ते निम्मेच झाले. त्यात दोन जादा मेखा टाकल्या तरी वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहते. पावसाळ्यासाठी किंवा किनाऱ्यासाठी जाताना बारीक मेखांऐवजी लांब आणि रुंद मेखा घ्याव्यात. जागेप्रमाणे संच बदलणे हाच वजन वाचवण्याचा खरा मार्ग आहे.

रंग भडक असावा. गवतात राखाडी टायटॅनियमची मेख शोधणे म्हणजे सुई शोधण्यासारखेच. डोक्याला रंगीत दोरीचा छोटा फास बांधून ठेवला तर मेख दिसतेही आणि उपटायलाही सोपी जाते. मेखा जाड कापडाच्या स्वतंत्र पिशवीत ठेवाव्यात, नाहीतर त्यांची टोके तंबूचेच कापड फाडतात. विमानाने जाताना त्या हातातल्या सामानात न ठेवता चेक-इन सामानात द्याव्यात. एकदा वाकलेली ॲल्युमिनियमची मेख सरळ करता येते, पण ती त्या जागी कमजोर होते. ती कमी ताणाच्या कोपऱ्यासाठी राखून ठेवावी.

मुक्काम हलवताना शेवटचे काम म्हणजे मेखा मोजणे. जितक्या आणल्या तितक्या पिशवीत परत गेल्या पाहिजेत. गवतात राहून गेलेली एक टोकदार मेख चरायला येणाऱ्या गाईच्या खुरात किंवा गुराख्याच्या अनवाणी पायात घुसू शकते. सहा ग्रॅमच्या त्या वस्तूची किंमत मग तिच्या वजनावर ठरत नाही.